दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरने जिल्हा परिषदेचं तिकीट घ्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "तालुक्यापासून लांब, बाजाराच्या गावात माझा दवाखाना आहे. बारा-तेरा वर्षं झाली. आसपासच्या वीस-पंचवीस गावांतून पेशंट येतात. आता दोन पक्षांची माणसं जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी मागे लागली आहेत. 'डॉक्टर, तुम्हाला प्रचारसुद्धा करावा लागणार नाही' म्हणतात. दवाखाना सांभाळून हे जमतं का? आणि डॉक्टरने तिथे जाऊन खरंच काही होतं का, की नुसतं नाव खराब होतं?"

डॉक्टर, मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी तीसेक वर्षं प्रॅक्टिस केली. मधली एक टर्म जिल्हा परिषदेत होतो, आरोग्य समितीवरही होतो. तेव्हा दोन्हीकडचं बोलतो.

आधी ते "प्रचार करावा लागणार नाही" डोक्यातून काढून टाका. तालुक्यात ज्या डॉक्टरची ओपीडी भरलेली दिसते त्या प्रत्येकाला हे सांगितलं जातं. अर्ध्या रात्री झटके आलेलं पोर घेऊन आलेला बाप तुम्हाला विसरत नाही, हे खरं. पण मत देताना तो भावकी पाहतो, जात पाहतो, ऊस वेळेवर कोणी तोडून नेला ते पाहतो, सोसायटीचं कर्ज कोणी नवंजुनं करून दिलं ते पाहतो. यात त्याचं काही चुकतं असं मला वाटत नाही. तुमची फी त्याने दिलेली आहे. तो व्यवहार तिथेच मिटला. शिवाय समोरचा उमेदवार तुमची निंदा करत हिंडणार नाही. तो गावोगाव एवढंच म्हणेल, "डॉक्टर देवमाणूस आहेत हो, पण ते निवडून गेले तर रात्री-अपरात्री आपल्याला कोण बघणार?" या वाक्याला उत्तर नसतं, कारण ते खरं असतं.

डॉक्टरकीच्या जोरावर माणूस किती वर जाऊ शकतो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण तेव्हा आपल्या शेजारी असलेल्या अविभाजित आंध्रातलं आहे: वाय. एस. राजशेखर रेड्डी. जन्म १९४९, कडप्पा जिल्हा. एमबीबीएस केलं गुलबर्ग्याच्या महादेवप्पा रामपुरे मेडिकल कॉलेजातून, म्हणजे आपल्या सोलापूर-लातूरला खेटून असलेल्या गावात. काही काळ जम्मलमडुगूच्या मिशन हॉस्पिटलात नोकरी केली आणि १९७३ मध्ये पुलिवेंदुला या आपल्या गावी वडिलांच्या नावाने ७० खाटांचं धर्मादाय रुग्णालय काढलं. एक रुपया फी घेणारा डॉक्टर म्हणून तिकडे त्यांची ओळख सांगतात. १९७८ मध्ये तिशीच्या आतच आमदार झाले. पुढे विधानसभेची असो की लोकसभेची, एकही निवडणूक हरले नाहीत. २००३ च्या उन्हाळ्यात चेवेल्ला ते इच्छापुरम अशी जवळजवळ १,५०० किलोमीटरची पदयात्रा केली आणि २००४ मध्ये अविभाजित आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री झाले. २००९ मध्ये पुन्हा निवडून आले आणि त्याच वर्षी २ सप्टेंबरला हेलिकॉप्टर अपघातात गेले.

ही गोष्ट प्रचारवाल्यांच्या तोंडून ऐकली की "एक रुपयावाला डॉक्टर मुख्यमंत्री झाला" एवढीच उरते. तारखा नीट पाहा. रुग्णालय काढल्यापासून आमदार होईपर्यंत मधे पाच वर्षं आहेत. पाच वर्षांच्या प्रॅक्टिसवर कोणी मतदारसंघ बांधत नाही. वडील राजा रेड्डी हे त्या भागातले पैशाने आणि माणसांनी भक्कम प्रस्थ होते, रायलसीमेतल्या गटबाजीच्या राजकारणात मुरलेले. त्याच वैरातून १९९८ मध्ये त्यांचा खूनही झाला. म्हणजे पाया आधीच घातलेला होता. दवाखान्याने त्यावर माणुसकीचा हात फिरवला. तुमच्यामागे असा पाया आहे का, हे तुमचं तुम्हालाच माहीत. नसेल, तर नुसत्या ओपीडीच्या भरवशावर फॉर्म भरू नका.

पण रेड्डींचं नाव मी वेगळ्याच कारणासाठी काढलं. डॉक्टर राजकारणात गेला की त्याचं नक्की काय होतं, ते त्यांच्या एका योजनेत फार स्वच्छ दिसतं. तिकडे वळण्याआधी निवडून आल्यावर तुमच्या दवाखान्यात काय होईल ते सांगतो.

सोमवार, बाजाराचा दिवस. बाहेर बाकड्यावर गर्दी. एक साठीचा माणूस आत येतो, चप्पल दाराशी काढतो, खुर्चीत बसून न सांगता हात पुढे करतो. तुम्ही बीपीचा पट्टा गुंडाळता, फुगवता, कानात स्टेथोस्कोप घालता. पारा उतरत असताना तो हळूच म्हणतो, "सूनबाईचं अंगणवाडीचं तेवढं बघा ना, डॉक्टर." तुम्हाला ऐकू आलेलं नसतं, म्हणून तो पुन्हा म्हणतो. बीपी १५० वर १०० निघतं. तुम्ही विचारता, गोळी चालू आहे का? तो म्हणतो, "गोळीचं राहू द्या, सभापतीला एक फोन लावा." त्याच्यामागे उभा असलेला पोरगा पेशंट नाहीच, त्याला विहिरीच्या अनुदानासाठी शिफारस हवी असते. त्याच्यामागे खरंच ताप असलेलं लेकरू असतं, आणि त्याची आई निमूटपणे थांबलेली असते, कारण पुढे "कामाची" माणसं आहेत.

तुम्हाला हे आवडेलही, ही खरी अडचण आहे. आपल्या हाडात एकेका माणसाला पाहायची सवय मुरलेली आहे. समोर बसलेल्याचं दुखणं ओळखायचं, कागदावर चार ओळी खरडायच्या, त्याला मोकळं करायचं, पुढचा आत. राजकारणातलं शिफारसपत्र हुबेहूब असंच चालतं, फक्त प्रिस्क्रिप्शनच्या जागी लेटरहेड येतं. त्यामुळे डॉक्टर लोकप्रतिनिधी दिवसाला पन्नास पत्रं हसत हसत देतो, दमत नाही, लोकही खूश असतात. पाच वर्षांनी मागे वळून पाहिलं तर आरोग्य केंद्रात तीच जागा रिकामी, तोच फ्रीज बंद. पन्नास माणसं एकाच कामासाठी का येतात, हे विचारायला त्याला वेळच झालेला नसतो.

आता रेड्डींकडे येतो. मुख्यमंत्री झाल्यावर त्यांच्याकडेही अशीच रांग लागली. हृदयाचं ऑपरेशन, कॅन्सर, किडनी, आणि प्रत्येकाच्या हातात मुख्यमंत्री सहायता निधीसाठी अर्ज. पहिल्या तीन वर्षांत अशा पन्नास हजारांहून जास्त रुग्णांना त्या निधीतून मदत गेली. कोणताही पुढारी याला आपलं यश मानून पुढच्या निवडणुकीत आकडा सांगत फिरला असता. तिथे मात्र ठरलं की अर्ज करून, कोणाची तरी ओळख काढून ऑपरेशन मिळण्याऐवजी कार्डावर मिळालं पाहिजे. १ एप्रिल २००७ ला महबूबनगर, अनंतपूर आणि श्रीकाकुलम या तीन मागास जिल्ह्यांत राजीव आरोग्यश्री सुरू झाली. गरीब कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचा मोठा उपचार, वर ५० हजारांची राखीव सोय. वर्षा-सव्वा वर्षात ती राज्यभर गेली. त्याआधी १५ ऑगस्ट २००५ ला १०८ ची रुग्णवाहिका सुरू झाली होती.

आपल्याकडच्या रुग्णालयात दारातल्या टेबलावर बसलेला, योजनेच्या पेशंटला वाट दाखवणारा "आरोग्यमित्र" तुम्ही रोज पाहता. हे पद मूळ तिकडचं आहे. महाराष्ट्राने तोच नमुना घेऊन २ जुलै २०१२ ला गडचिरोली, नांदेड, सोलापूर, धुळे, अमरावती, रायगड आणि मुंबईचे दोन अशा आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आणली. २०१३ च्या अखेरीस ती सगळीकडे लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. १०८ ही आपल्याकडे २०१४ मध्ये आली. तेव्हा पिवळ्या किंवा केशरी कार्डावर तुम्ही एखाद्याला बायपाससाठी पाठवता, तेव्हा त्या वाटेची सुरुवात पुलिवेंदुल्याच्या दवाखान्यात झालेली आहे असं म्हणायला हरकत नाही.

आणि तरीही आरोग्यश्रीत डॉक्टरचीच एक खोड राहून गेली, असं माझं मत आहे. दवाखान्यात बसणाऱ्याला दिसतो तो आजारी पडून दारात आलेला माणूस. न आलेला दिसत नाही. आरोग्यश्रीने दारात आलेल्याचं ऑपरेशन केलं. पैसा शहरातल्या मोठ्या, त्यातही खासगी रुग्णालयांकडे वाहत गेला आणि खेड्यातलं प्राथमिक आरोग्य केंद्र त्या मानाने मागे पडलं, ही टीका तेव्हापासून होते आहे. मला ती पटते. बीपीची गोळी बारा वर्षं नियमित मिळाली असती तर ज्याची अँजिओप्लास्टी करावी लागली नसती, तो माणूस योजनेच्या आकड्यात "लाभार्थी" म्हणून येतो. आपल्या ओपीडीतला तो १५०/१०० वाला माणूस आठवा. फोन लावून दिला तर तो खूश होऊन जातो, गोळीचं तसंच राहतं.

म्हणून तुमच्या "खरंच काही होतं का" या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे की होतं, पण पत्रं देऊन नाही. ज्या कंटाळवाण्या कागदांना बाकीचे सदस्य हात लावत नाहीत ते वाचता येणं, हा सभागृहात डॉक्टरचा उपयोग आहे. हे नुसतं म्हणून भागणार नाही, एक प्रसंग सांगतो.

आमच्या गटात, म्हणजे जिल्हा परिषदेच्या मतदारसंघात, एका आरोग्य केंद्राची नवी इमारत उभी राहिली होती. प्रसूतिगृह झकास, टेबलावरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. बाळंतपणं मात्र महिनोन्महिने शून्य. सभेत दर वेळी विषय निघायचा, दर वेळी "सिस्टर मुक्कामी राहत नाहीत" म्हणून गरमागरम भाषणं व्हायची, कारणे दाखवा नोटीस काढायची मागणी व्हायची, आणि पुढच्या सभेत "मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे" या पहिल्याच विषयात ते सगळं गडप व्हायचं. एका दुपारी मी तिथे जाऊन नळ सोडला. नुसती हवा आली. छतावर टाकी होती, नळजोडणी होती, पाणी नव्हतं. गावच्या पाणीपुरवठ्याच्या पंपाची वीज थकबाकीपायी तोडलेली होती. ग्रामपंचायत म्हणे, केंद्राने आपलं बघावं. आरोग्य खातं म्हणे, पाणी आमचा विषय नाही. बांधकामवाले म्हणे, आम्ही इमारत ताब्यात दिली, आमचं संपलं. पाण्याशिवाय बाळंतपण कसं करायचं, हे तिघांपैकी एकालाही सिस्टरने विचारलेलं नव्हतं. तिला विचारायला जागाच नव्हती. ती आपली येईल त्या बाईला तालुक्याला पाठवत होती आणि शिव्या खात होती.

भाषणाने हे सुटलं नसतं. रुग्ण कल्याण समितीच्या खात्यात पैसे पडून होते. भूजल सर्वेक्षणाचा दाखला घेतला, समितीचा ठराव केला, आवारात बोअर घेतला, मोटर बसवली. पुढच्या पावसाळ्यात तिथे बाळंतपणं सुरू झाली. या कामाचं उद्घाटन झालं नाही, फ्लेक्स लागला नाही, आणि खरं सांगायचं तर मतंही मिळाली नाहीत. ज्या सभामंडपाला मी पाच लाख मिळवून दिले तिथे मात्र आजही माझ्या नावाची फरशी आहे.

जाण्याआधी अधिकार कुठवर चालतो तेही समजून घ्या, कारण लोक तुम्हाला सगळंच मागणार. उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे, जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यामार्फत. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय राज्य शासनाकडे, जिल्हा शल्यचिकित्सकांमार्फत. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीचा डॉक्टर नाही म्हणून लोक तुमच्या दारात येतील, आणि तिथे तुमचा शब्द विनंतीपलीकडे चालत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रातला वैद्यकीय अधिकारीसुद्धा शासनाच्या आरोग्य सेवेतला. त्याची नेमणूक-बदली मुंबईहून होते. जिल्हा परिषदेच्या हातात राहतात सेविका, सेवक, इमारती, दुरुस्ती, थोडा स्वनिधी आणि जिल्हा नियोजन समितीकडून येणारा पैसा, ज्याच्या डोक्यावर पालकमंत्री असतात. निकष म्हणाल तर सपाटीवर ३० हजार लोकसंख्येला एक केंद्र, ५ हजारांना एक उपकेंद्र. आदिवासी आणि डोंगरी भागात २० हजार आणि ३ हजार. आपल्या गटात हा हिशेब कुठे बसतो आणि कुठे नाही, हे फॉर्म भरण्याआधी वहीत मांडून ठेवा. निवडून आल्यावर मांडायला फुरसत मिळत नाही.

गुपितांबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम बोलतो. बारा-तेरा वर्षांत त्या वीस-पंचवीस गावांची सगळी झाकलेली दुखणी तुमच्या टेबलावर येऊन गेली आहेत. कोणाच्या पोरीचं काय झालं, कोणाला एचआयव्ही आहे, कोणत्या पुढाऱ्याचा मुलगा दारूपायी सलाइनवर पडला होता, "चुकून" फवारणीचं औषध पोटात गेलेली सून कोणाच्या घरची. तुम्ही हे कोणाला सांगणार नाही, मला खात्री आहे. पण तुम्ही झेंडा हाती घेतला की ज्यांच्या घरची ती गोष्ट आहे त्यांना खात्री राहत नाही. दुसऱ्या पॅनेलची माणसं बाकीच्या आजाराला येत राहतील, पण लपवायच्या आजाराला वीस किलोमीटर लांब जातील, आणि तिथवर जाईपर्यंत उशीर झालेला असेल. याचा हिशेब तुमच्या ओपीडीच्या रजिस्टरमध्ये दिसणार नाही.

मारामारीच्या केसचंही तेच. निवडणुकीच्या हंगामात फुटलेली डोकी आपल्याकडेच आधी येतात. रक्त थांबवा, टाके घालायचे तर घाला, पण पोलिसांना कळवून लगेच ग्रामीण रुग्णालयात पाठवा आणि केलेल्या उपचाराची नोंद वेळेसकट ठेवा. उमेदवार डॉक्टरच्या हातचा जखमेचा दाखला कोर्टात उभा राहत नाही. "आपल्या माणसाची जखम मोठी लिहिली" हा पहिला प्रश्न वकील विचारतो.

पक्षाबद्दल थोडंच. डॉक्टरला एकट्याने निर्णय घ्यायची सवय असते, आणि पक्षाला नेमकी तीच चालत नाही. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे चांगले नावाजलेले डॉक्टर. १९३७ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे पंतप्रधान झाले. तेव्हा प्रांताच्या मुख्यमंत्र्याला तसंच म्हणत. मंत्रिमंडळातल्या सहकाऱ्यांशी पटेना, तेव्हा जुलै १९३८ मध्ये काँग्रेसच्या पार्लमेंटरी बोर्डाला न विचारता त्यांनी राजीनामा देऊन नवं मंत्रिमंडळ बनवलं. काही दिवसांत पद गेलं आणि रविशंकर शुक्ल त्या जागी आले. दोष कोणाचा यावर नागपुरात जुनी माणसं अजून वाद घालतील. जिल्हा परिषदेत तुमच्यावर एवढी वेळ येणार नाही, पण अध्यक्षाच्या निवडणुकीत व्हिप, म्हणजे कोणाला मत द्यायचं याचा पक्षाचा आदेश, निघेल, सदस्यांना गाडीत घालून कुठल्या तरी रिसॉर्टवर नेतील, आणि त्या आठवड्यात तुमच्या दवाखान्याला कुलूप असेल. हे चालणार असेल तर जा.

दवाखाना सांभाळून जमतं का? जुजबी जमतं. सभा, समित्या, लग्नं, दहावे, उद्घाटनं, आणि सगळ्यांत जास्त वेळ खाणारं म्हणजे कलेक्टर कचेरीबाहेरचं थांबणं. ओपीडी निम्म्यावर येते असं धरून चाला. सदस्याला घर चालेल असं मानधन नसतं. तेव्हा अर्ज भरण्याच्या आधी, नंतर नाही, एखादा तरुण डॉक्टर सोबत घ्या, सहा महिने शेजारी बसवा आणि पेशंटला सांगा की आता हेही बघतील. जो डॉक्टर दवाखाना कोणाकडे सोपवत नाही आणि राजकारणही करतो, त्याच्याकडे कंपाउंडर सलाइन लावतात, हे तुम्हीही पाहिलेलं आहे. आणि माझा एक आग्रह: राजकारणाचा माणूस आणि पेशंट एकाच खोलीत, एकाच वेळी घेऊ नका. बाजूला दुसरी खोली करा, वेळ वेगळी ठेवा, लोक रागावले तरी चालेल. ताप असलेलं लेकरू शिफारसपत्राच्या मागे थांबता कामा नये.

निवडणूक न लढवताही धोरण हलवता येतं, हेही नजरेसमोर असू द्या. रजनीकांत आणि मेबेल आरोळे १९७० मध्ये जामखेडला आले आणि गावातल्या अडाणी ठरवलेल्या बायकांना आरोग्य कार्यकर्त्या केलं. ते पाहायला पुढे जगभरातून माणसं आली. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांनी घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत उभी केली, मोजून दाखवली, आणि आज देशभरातल्या आशा ताई बाळंतिणीच्या घरी भेटी देतात त्यामागे ते काम आहे. गडचिरोलीची दारूबंदीही लोकांच्या आंदोलनातून १९९३ मध्ये आली. अर्थात हे सगळ्यांना जमणारं नाही. मोजायची आणि लिहायची चिकाटी लागते, आणि संस्था चालवणं राजकारणापेक्षा कमी कटकटीचं असतं असंही नाही. पण "बदल करायचा असेल तर सत्तेत जावंच लागतं" असं जेव्हा ते दोन पक्षवाले म्हणतील, तेव्हा ही नावं तुम्हाला माहीत असलेली बरी.

आता कागदपत्रं, कारण निम्मी डॉक्टर मंडळी इथेच अडकतात. सरकारी नोकरीत किंवा मानधनावर कुठे असाल तर राजीनामा नुसता देऊन चालत नाही, तो मंजूर झालेला लागतो. जिल्हा परिषदेशी तुमचा कसलाही कंत्राटी व्यवहार, स्वतःच्या किंवा घरच्यांच्या नावावर, असेल तर अपात्रता ओढवू शकते; गाडी भाड्याने लावलेली असली, इमारत दिलेली असली, तरी वकिलाला दाखवा. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेलं चालत नाही. राखीव जागा असेल तर जातवैधता प्रमाणपत्र लागतं, आणि ते निवडून आल्यावर दिलेल्या मुदतीत सादर झालं नाही तर पद जातं. खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्यायचा असतो. हरलेले विसरतात आणि पुढच्या वेळी अपात्र ठरतात.

आरक्षणाचं गणित तर असं आहे की निम्म्या जागा महिलांच्या, आणि गट फिरतात. आज तुमच्यासाठी उघडा असलेला गट पुढच्या वेळी राखीव होऊ शकतो. मग पक्षवाले म्हणतात, "वहिनींना उभं करा, कारभार तुम्हीच बघा." त्याला माझा साफ विरोध आहे. बाईंना स्वतःला करायचं असेल तर त्यांनी करावं आणि सभेत त्यांनीच बोलावं. शिवाय एका टर्मचा भरवसा धरून दवाखाना मोडू नका. २०२२ मध्ये राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षं निवडणुकाच झाल्या नाहीत, प्रशासकाने कारभार पाहिला. त्या काळात पुढच्या टर्मची तयारी करून बसलेले, दवाखाना बंद केलेले डॉक्टर मी पाहिले आहेत.

शेवटची गोष्ट तिकिटाला हो म्हणण्याच्या आधीच करायची. तुमच्या दवाखान्यावर आजपर्यंत कोणी तक्रार केली नसेल, उमेदवारी जाहीर झाल्यावर पहिल्या आठवड्यात होईल. शुश्रूषागृहाची नोंदणी नूतनीकरण झालेली आहे का, जैववैद्यकीय कचऱ्याचा करार चालू आहे का, अग्निशमनाचा दाखला आहे का, औषधांच्या साठ्यात मुदत संपलेलं काही पडलंय का, हे एका रविवारी बसून पाहा. सोनोग्राफी मशीन असेल तर प्रत्येक एफ फॉर्म, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याखाली गरोदर बाईच्या तपासणीचा भरायचा फॉर्म, स्वतः वाचा, सहीसकट, आणि महिन्याचा अहवाल पाच तारखेच्या आत गेल्याची पोच फायलीला लावलेली आहे का ते बघा. एफ फॉर्ममधली एक रिकामी जागा एरवी नजरेतून सुटते, निवडणुकीत तिच्यावरून मशीन सील होतं.